पहिल्या ग्लासाची खोट

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपले निवृत्त पोस्टमास्तर. एरवी आपल्या सगळ्यांना आडवं पाडून तोंड उघडायला लावणाऱ्या आणि आज व्यासपीठावर स्वतः गप्प बसलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. ज्यांच्या हातची भांडी माझ्या पाठीमागे उभी आहेत ते आमचे वेल्डर. पहिल्या रांगेत बसूनही माझ्याकडे पाठ राहील अशी खुर्ची तिरकी करून घेतलेले माझे जुने मित्र बेकरीवाले. खुर्च्या संपल्या म्हणून सातूच्या पोत्यांवर बसलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो. आणि आजच्या सत्कारमूर्ती, तुमच्या सगळ्यांच्या बाई, माझ्या वहिनी.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी दारू पीत नाही. तत्त्व म्हणून पीत नाही आणि या तत्त्वाच्या बाजूने मी आयुष्यात भरपूर घसा कोरडा केलेला आहे. अशा माणसाला बिअरच्या भट्टीच्या निरोपाला बोलायला उभं करणं म्हणजे मांजराच्या हाती उंदराचा निरोप देण्यासारखं आहे, असं बेकरीवाले परवा चौकात म्हणाले. मला नाही म्हणाले, माझ्या शेजारच्या माणसाला म्हणाले. हल्ली ते मला काही सांगायचं असलं की शेजारच्या माणसाला सांगतात.

मला इथे कुणी बोलावलं हे तुम्हाला माहीत आहे. समितीत माझं नाव निघालं तेव्हा चार जणांनी मान हलवली ती नकाराची होती. वहिनी म्हणाल्या, "भाषण भाऊजीच करतील. नाहीतर समारंभ नको." तेव्हा ज्यांचा माझ्यावर राग असेल त्यांनी तो राखून ठेवावा. भाषण संपल्यावर मी दारापाशीच उभा असेन.

ज्यांना या भट्टीची पहिली गोष्ट माहीत नाही, अशी काही तरुण मंडळी समोर दिसतात. त्यांच्यासाठी सांगतो. वहिनींचे यजमान, म्हणजे आमचा दादा, बर्फाच्या कारखान्यात कारागीर होता. कारखाना बंद पडला, यंत्रं गेली आणि ही उंच छताची, ओल्या भिंतींची खोली रिकामी राहिली. दादाने ती घेतली आणि बिअर करायला लागला. का, असं विचारलं तर म्हणायचा, "इथे थंड करायची सवय होती, आता जरा तापवून बघू."

पहिली बिअर झाली तेव्हा त्याने गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं. सगळे प्याले. सगळे म्हणाले, वा दादा, भट्टी जमली. माणसं गेल्यावर दादाने स्वतः घोट घेतला आणि मोरीकडे धावला. नुसता आंबट शिरका झाला होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. बिअर बिघडल्याचं त्याला दुःख नव्हतं. तो म्हणाला, "हे लोक माझे मित्र की माझे व्याही? मित्र असते तर तिथल्या तिथे थुंकले असते."

त्या दिवसापासून इथे नियम झाला. नवीन बिअरचा नळ उघडला की पहिला ग्लास खोटीचा. प्रत्येकाने एक खोट सांगायची. ज्याला खोट सापडणार नाही त्याने सगळ्यांचे ग्लास विसळायचे. आणि 'भट्टी जमली' हे शब्द ग्लास रिकामा होईपर्यंत उच्चारायचे नाहीत.

मित्रहो, मी पुष्कळ वाचलं आहे. माणसांनी एकत्र कसं राहावं यावर जगात जाडजूड ग्रंथ लिहिले गेलेत आणि त्यांतले काही मी शेवटपर्यंत वाचलेतसुद्धा. पण या ओल्या फरशीवर, गमबूट घातलेल्या एका माणसाने केलेल्या या नियमापेक्षा शहाणा नियम मला कुठे सापडला नाही. कारण त्याने काय झालं? आपण एकमेकांशी खरं बोलायला शिकलो, आणि तेही हसत.

आठवतात ना त्या खोटी? डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "फेस माझ्या पेशंटसारखा आहे. बसा म्हटलं की उठून जातो." वेल्डर ग्लास उजेडात धरून म्हणायचा, "कडू आणि गोड दोन्ही आहे, पण मधला जोड दिसतोय. घासायला पाहिजे होता." अध्यक्षमहाराज, आपला अभिप्राय तर आम्ही पाठ केला होता: "माल चांगला आहे, पण पत्त्यावर पोचत नाही." बेकरीवाल्यांची खोट कायम एकच, सातू कमी भाजलाय. त्यांच्या मते जगातल्या सगळ्याच गोष्टी कमी भाजलेल्या असतात.

आणि मी? मी नुसता वास घ्यायचो. ग्लास नाकाशी धरायचो, खोट सांगायचो आणि ग्लास बेकरीवाल्यांच्या हातात द्यायचो. इतकी वर्षं माझ्या वाट्याचा पहिला ग्लास त्यांनीच प्यायला. आमची मैत्री वासावर आणि घोटावर अशी वाटून घेतलेली होती.

डॉक्टरीणबाईंच्या लेकीला बघायला आलेला मुलगा त्यांनी इथेच आणला होता. घरी नाही, हॉटेलात नाही, इथे. बिचाऱ्याने घोट घेतला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, "छान आहे." सगळी खोली गार. पुन्हा घोट घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "छान आहे, पण पाहुण्यांना देतात तशी आहे. घरच्यांसाठी केलेली वाटत नाही." दादाने उठून त्याला मिठी मारली. लग्न तिथेच ठरलं. आज जावईबापू तिसऱ्या रांगेत बसलेत आणि मी हे सांगू नये म्हणून मघापासून हातवारे करताहेत.

दादा गेला. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. पण दादा गेल्यानंतर त्याने घातलेली शेवटची बिअर पिंपात तशीच होती. आम्ही भेटायला आलो ते सगळे माना खाली घालून. वहिनींनी नळ उघडला, ग्लास भरले आणि म्हणाल्या, "रडायचं नंतर. आधी काय चुकलंय ते सांगा." आणि आम्ही सांगितलं. रडत रडत, नाकं पुसत, त्या माणसाच्या शेवटच्या कामाला आम्ही खोटी काढल्या. इतका मोठा मान मी कुठल्याही मृताला मिळालेला पाहिलेला नाही.

पुढे वहिनींनी भट्टी एकटीने चालवायला घेतली. दादा गोष्टी सांगत बिअर करायचा, वहिनी गप्प राहून करायच्या. खरं सांगायचं तर त्या दादापेक्षा चांगली करायच्या, आणि हे दादालाही माहीत होतं. मोठ्या भांड्यात सातूचं पाणी उकळायला लागलं की त्या झाकण काढून बाजूला ठेवायच्या, वाफेत तोंड घालायच्या आणि तेवढ्यावरून सांगायच्या, आता हॉप्सची कडू फुलं टाका, आता आच कमी करा. घड्याळाकडे कधी बघितलं नाही. नाक हेच घड्याळ.

तेच नाक गेलं.

एक साधा ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले येईल परत. आला नाही. वहिनींनी कुणाला सांगितलं नाही. पण बेकरीवाल्यांच्या लक्षात आलं. वहिनी बेकरीत उभ्या होत्या, मागे भट्टीत पावाची अख्खी तबकं करपून कोळसा झाली होती, लोक नाकाला रुमाल लावून बाहेर पळत होते, आणि वहिनी शांतपणे विचारत होत्या, "आज ताजे पाव आलेत का?"

बेकरीवाल्यांनी ते आपल्यापैकी काही जणांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी मान्य करतो. आणि मग तुम्ही सगळ्यांनी, माझ्या प्रेमळ मित्रांनो, मिळून ठरवलं की बाईंना काही कळू द्यायचं नाही. मी तेव्हा गावात नव्हतो. मुलीकडे होतो, नात झाली होती, तिच्या पाळण्याशेजारी मुक्काम ठोकून बसलो होतो. त्या काळात इथे तीन वेळा नवीन बिअर झाली. तीन वेळा पहिला ग्लास भरला. आणि तीन वेळा ही सगळी खोली एका सुरात म्हणाली, बाई, भट्टी जमली.

खोट आणि खोटं. एका अनुस्वाराचा तर फरक आहे. इतकी वर्षं ज्या खोलीत आपण खोट सांगत होतो, त्याच खोलीत आपण खोटं सांगू लागलो. तो एक ठिपका तुम्ही दयेपोटी दिलात. पण दया म्हणजे काय हो? ज्याच्याशी बरोबरीने भांडता येत नाही असं आपण ठरवून टाकलं, त्याला आपण देतो ती वस्तू. लहान मुलाच्या चित्राला आपण खोट काढत नाही. आजाऱ्याच्या स्वयंपाकाला काढत नाही. वहिनी लहान होत्या? आजारी होत्या? ही बाई बिअर करत होती आणि तुम्ही तिला खेळणी मांडलेल्या पोरीसारखं वागवलंत.

मी परतलो तो थेट स्टेशनवरून इथे, हातात पिशवी तशीच. नळ नुकताच उघडला होता. मला कुणी बाजूला घेतलं नाही, कुणी सावध केलं नाही. वहिनींनी नेहमीसारखा ग्लास हातात दिला. मी नाकाशी धरला आणि म्हणालो, "वहिनी, आत कोबी उकडलाय का?"

बेकरीवाल्यांनी माझ्या पायावर पाय दिला. त्यांचा पाय हलका नाही.

वहिनी म्हणाल्या, "कोबी?"

मी म्हटलं, "कोबीच. शिळा. झाकून उकडलेला."

त्यांनी एकेकाकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी ग्लासात बघितलं. अध्यक्षमहाराजांनी छताकडे. वेल्डरने स्वतःच्या हाताकडे. वहिनींनी विचारलं, "कधीपासून?" मग त्या जे बोलल्या ते ज्यांनी ऐकलं ते विसरणार नाहीत. "तीन वेळा कुणी खोट काढली नाही, तेव्हाच मला शंका आली होती. मला वाटलं, एकतर मी देव झाले, नाहीतर तुम्ही मला मेलेली धरलंत. पण मेलेल्यालाही या खोलीत खोट काढतात. मी त्याच्याही पलीकडे गेले वाटतं."

शेवटी वेल्डर पुढे झाला. त्याने मोठ्या भांड्यापाशी जाऊन झाकणाला हात लावला. "बाई, हे हल्ली लावूनच असतं," तो म्हणाला. "उकळताना वाफ बाहेर जायला हवी. वाफेबरोबर तो वास जातो. दादा झाकण कधी लावू द्यायचे नाहीत."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "त्यांना मीच शिकवलं होतं ते."

"मग लावलंत का?"

"उघडलं की तोंडावर नुसतं गरम लागतं. बाकी काही येत नाही. रोज रोज ते नको वाटायला लागलं."

आता कळलं तुम्हाला काय झालं होतं? नाक गेलं म्हणून बिअर बिघडली नव्हती. नाकाशिवायही हातांना सगळं माहीत होतं. ज्या वाफेतून सगळं जग भेटायचं ती वाफ रिकामी भेटते, हे सोसेना म्हणून त्या बाईने झाकण लावलं. पहिल्याच वेळी कुणी एकाने 'कोबी' म्हटलं असतं, तर झाकणाचा विषय निघाला असता. झाकणाचा निघाला असता तर वाफेचा निघाला असता. आणि वाफेचा निघाला असता तर वहिनींना तीन पिंपं भरेपर्यंत ते एकटीने सोसावं लागलं नसतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की भट्टी बंद. बेकरीवाले माझ्या घरी आले. दारातूनच म्हणाले, "वक्तेबुवा, तुमच्या जिभेला हाड नाही. तुमच्या एका शब्दाने भट्टी गेली."

मी म्हटलं, "जिभेला नसेल. नाकाला आहे."

ते हसले नाहीत. ते आमचं शेवटचं बोलणं. बेकरीवाले, तुमच्या आरोपाचं उत्तर मी आज सगळ्यांसमोर देतो. होय, माझ्या शब्दाने भट्टी गेली असेल. तो शब्द मी पुन्हा उच्चारीन. पण संध्याकाळ झाली की माझे पाय अजून इकडेच वळतात, हेही खरं. कोपऱ्यावर आलो की तो भिजलेल्या सातूचा कोमट वास शोधतो, आणि तो नसतो. मग मी उगाच बूट बांधायला वाकतो. या गल्लीतल्या लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला नाडी बांधता येत नाही.

मी वहिनींची समजूत घालायला आलो होतो. त्या पिंपं धूत होत्या. माझ्या हातात पाण्याचा पाइप देऊन म्हणाल्या, "बोला, पण धार हलवू नका." मी माझ्या सगळ्या वक्तृत्वानिशी बोललो. म्हटलं, आमची नाकं घ्या. इतकी आहेत, रांगेत उभी करतो.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझी फिकीर बिअरची नाही. मला वास गेलाय हे कळलं कधी, माहीत आहे? पाव करपले तेव्हा नाही. एक दिवस कुलूप उघडून घरात शिरले आणि मला वाटलं, चुकून दुसऱ्याच्या घरात आले. भिंती त्याच, पलंग तोच. पण घर अनोळखी. कपाट उघडलं, ह्यांचा कोट लटकतोय. दुकानात लटकावा तसा. कुणाचाच नाही."

धार हलली असावी, कारण माझे बूट भिजले.

"बहिणीकडे जाते," त्या म्हणाल्या. "तिचं नवीन घर मी कधी बघितलेलं नाही. तिथला कुठलाच वास मला ठाऊक नाही. म्हणजे तिथे काही हरवलेलंही नसेल."

या युक्तिवादाला उत्तर शोधत मी दुसरं पिंप धुवायला घेतलं. तुमच्याकडे आहे? असेल तर आत्ता उठून सांगा, मी बसतो.

कुणी उठत नाही.

"निरोपाला बोला," त्या म्हणाल्या, "पण मला थांब म्हणायचं नाही." मी विचारलं, मग काय बोलू? म्हणाल्या, "खोट काढा. सगळ्यांची. सवय मोडलीय त्यांची." म्हणून मी मघापासून हा कडू घोट तुम्हाला पाजतो आहे. माझा नाइलाज आहे. माझी मात्र तशी काही तक्रार नाही.

बहिणीकडे जाण्याआधी त्यांनी एक शेवटची बिअर घातली, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी बरेच जण त्या दुपारी इथे होते. झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं. वहिनी लाकडी वल्हं घेऊन चौरंगावर चढल्या, भांड्यातलं ढवळू लागल्या, वाफ वर आली आणि त्यांनी डोळे मिटून विचारलं, "काय येतंय?"

आधी सगळे लाजले. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाव. गोड पाव." वेल्डर म्हणाला, "नवीन लाकूड, रंधा मारल्यावर येतो तसं." अध्यक्षमहाराज म्हणाले, "गोणपाट. टपालाच्या थैल्या उन्हात टाकायचो, तसं." जावईबापू म्हणाले, "शाळा सुटल्यावरचं," आणि त्याचा अर्थ कुणालाच कळला नाही, पण सगळ्यांना पटला. आणि बेकरीवाले, तुम्ही. तुम्ही वाफेच्या जवळ सरकलात. मग म्हणालात, "दादाचा कोट. पावसाळी दिवसांत तो माझ्या भट्टीपाशी वाळत घालायचा. तसा येतोय, बाई. अगदी तसा."

वहिनींनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा हात थांबला होता. वल्हं भांड्यात उभं होतं आणि त्या ऐकत होत्या. कुणी त्यांना ढवळा म्हटलं नाही. मीही नाही. ज्याला ते सुचलं असतं तो माणूस म्हणायच्या लायकीचा नसता.

ती बिअर आज नळाला आली आहे. भाषणाला उठण्याआधी वहिनींनी माझ्या हातात ग्लास दिला. मी वास घेतला. तेव्हापासून त्या माझ्याकडे बघताहेत, आणि त्या कशाची वाट बघताहेत ते मला माहीत आहे.

वहिनी, खोट आहे. तळाला करपली आहे. थोडी, पण लपत नाही. धुरासारखी मागून येते. हात थांबला होता तुमचा. त्या दुपारी आम्ही सगळे बोलत होतो आणि तुम्ही ऐकत होतात, तेवढ्या वेळात लागली ती.

हसताहात. बरं झालं. पुष्कळ दिवसांनी.

बेकरीवाले, हा ग्लास धरा. सातू या खेपेला कमी भाजलाय असं तुम्हाला म्हणता येणार नाही. तोंड इकडे करून घेतलंत तरी चालेल.

अध्यक्षमहाराजांनी मला वेळ दिला, समितीने इच्छा नसताना माईक दिला, पोत्यांवरच्या मंडळींनी पाय आखडेपर्यंत ऐकून घेतलं, वेल्डरने आज शेवटच्या दिवशीही भांडी घासून ठेवली. सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात अधिक-उणं गेलं असेल. अशा वेळी उदार मनाने क्षमा करा असं म्हणायची रीत आहे, आणि परक्यांच्या सभेत मी ते म्हटलंही असतं. तुम्हाला नाही म्हणणार. वहिनींची गाडी सकाळी आहे, तोवर आपण सगळे इथेच आहोत. माझ्या बोलण्यात जे चुकलं असेल ते येऊन तोंडावर सांगा. नसेल सापडलं, तर ग्लास विसळायला माझ्या शेजारी उभे राहा. आज ते काम लवकर संपू नये असं मला वाटतं.